लॅव्हेंडर आणि मिरगाचा पाऊस



यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव आणि हा विषय एकाच ओळीत छापलेला पाहून पुष्कळांनी मला वाटेत थांबवून विचारले, की बोनस, लेऑफ आणि कंत्राटी कामगार हे विषय टाकून तुम्ही फुलझाडांकडे केव्हा वळलात? माझे उत्तर असे, की मी फुलझाडांकडे वळलेलो नाही. फुलझाडच आमच्या युनियनच्या कचेरीत चालत आले. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात राबणाऱ्यांपैकी पुष्कळ लोक मूळचे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडचे. अठ्ठावन्न वर्षे पुरी झाली, किंवा त्याआधीच 'स्वेच्छानिवृत्ती' घडली (हा शब्द ज्याने प्रथम योजला त्याला विनोदबुद्धी फार चांगली असली पाहिजे), म्हणजे फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आयुष्यात एकदाच मोठी रक्कम हाती येते. गावी वाटणीला आलेली अर्धा-एक एकर वरकस जमीन असते. नेमक्या त्याच वेळी जांभळ्या शेतांची सुंदर चित्रे छापलेली पत्रके घेऊन कोणी सद्गृहस्थ भेटतात आणि सांगतात, की लॅव्हेंडर लावा, रोपे आम्ही देतो, तेल आम्ही विकत घेतो. अशी चार-पाच पत्रके माझ्या टेबलावर जमली तेव्हा मी या झाडाविषयी मिळेल ते वाचू लागलो. शाळा माझी सातवीतच सुटली, त्यामुळे वनस्पतिशास्त्राची लॅटिन नावे मला अडखळतच वाचावी लागतात. ती आज मी शक्य तितकी टाळणार आहे.

वाचता वाचता एक गंमत हाती लागली, ती आधी सांगतो. या झाडाचा आणि आपल्या पट्ट्याचा संबंध पत्रकवाल्यांपेक्षा फार जुना आहे. आज जिथे एस.टी.चा मोठा वर्कशॉप आहे त्या दापोडीत, नदीकाठी, १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने कॅप्टन फोर्ड याचा बंगला सरकारसाठी विकत घेतला आणि तिथे वनस्पतींची सरकारी बाग सुरू केली. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव 'दापुरी' असे आहे. १८३८ पासून तिची व्यवस्था डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन या कंपनी सरकारच्या स्कॉटिश शल्यवैद्याकडे आली. हा गृहस्थ आधी दख्खन-खानदेशात देवी टोचण्याच्या खात्यावर होता. बागेत त्याने औषधी झाडे वाढविली, आणि पुढे १८४७ साली तो मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचा पहिला प्रमुख झाला. मुंबईच्या पोस्टखात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला जॉन ग्रॅहॅम हा त्याच काळात मुंबई परिसरातील वनस्पतींची यादी तयार करीत होता. वनस्पतिशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा छंद. यादी छापून पुरी होण्याआधीच १८३९ साली तो खंडाळ्यास वारला. उरलेले काम दुसऱ्याने पुरे केले. त्या यादीत सह्याद्रीतील एका झुडपाला ग्रॅहॅमने गिब्सनचे नाव दिले. ते झुडूप लॅव्हेंडरच्या कुळातले, सख्ख्या जातीतले आहे. आजही शास्त्रात त्याचे नाव 'लॅव्हेंडुला गिब्सोनाय' हेच आहे, आणि ते पश्चिम घाटाबाहेर जगात कोठेही आपणहून उगवत नाही.

याच बागेत १८४७ ते १८५० च्या सुमारास झाडांची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढविली गेली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत, आणि २००२ साली त्यांवर मोठा ग्रंथही निघाला. चित्रे काढणारा कलावंत इथलाच, पोर्तुगीज वळणाचा होता असे अभ्यासक सांगतात. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. ज्याच्या हुकुमाने चित्रे निघाली त्याचे नाव झाडालाही मिळाले, आणि ज्याच्या हाताने निघाली तो हजेरीपटातूनच गळाला. हे मला नवीन नाही, म्हणून पुढे जातो. बाग १८६५ साली बंद झाली आणि तिचे काम पुढे गणेशखिंडीत गेले.

म्हणजे 'आपल्याकडे लॅव्हेंडर होत नाही' असे म्हणणे चूक आहे. आपल्याकडे ते आहेच. पावसाळा सरल्यावर घाटमाथ्याच्या उतारांवर लवदार पानांचे, लांब तुऱ्यांचे ते गिब्सनचे झुडूप फुलते. दख्खनच्या माळावर त्याचे दुसरे एक भावंड आहे, कातरल्यासारख्या बारीक पानांचे; घोडेघुई असे त्याचे मराठी नाव वनस्पतींच्या पुस्तकांत सापडते. गिब्सनच्या झुडपाच्या तेलाची डासांवर परीक्षा घेतल्याचे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले आहे. परंतु साबणात, अत्तरात आणि उशाशी ठेवायच्या पिशवीत जे लॅव्हेंडर असते, ते हे नव्हे. ते भूमध्य समुद्राभोवतालच्या डोंगरांतले. आणि त्याच्यातही घराणी निरनिराळी आहेत.

पहिले, ज्याला खरे लॅव्हेंडर म्हणतात ते. ते डोंगरात, साधारण अडीच-तीन हजार फुटांच्या वर खुलते. त्याला कडक थंडी लागते. थंडीचा विसावा मिळाल्याखेरीज ते मनासारखे फुलत नाही. दुसरे, त्याचा संकर, जो फ्रान्समध्ये मैलोगणती लावतात. त्याला बी धरत नाही, छाटकलमानेच वाढवावे लागते. तेल अधिक देतो, पण त्यात कापराचा वास असल्याने ते तेल स्वस्त असते. तिसऱ्या घराण्यात दोन जाती येतात: एक करवतीसारख्या कातर पानांची, आणि दुसरी तुऱ्याच्या शेंड्यावर जांभळे कान उभारलेली. या दुसरीची वाळलेली फुले युनानी हकिमांकडे उस्तखुद्दूस या नावाने कित्येक पिढ्या विकली जातात. या दोहोंना कडक थंडीची गरज नसते. सौम्य हिवाळ्याच्या, समुद्राकाठच्या प्रदेशांत त्या वाढतात. तेलाच्या व्यापारात मात्र त्यांना फारसे स्थान नाही. पत्रकवाले हे कधीच सांगत नाहीत: जे आपल्या किनाऱ्यावर जगू शकते त्याला बाजार नाही, आणि ज्याला बाजार आहे ते आपल्या किनाऱ्यावर जगत नाही.

गुहागरकडचे एक निवृत्त फिटर मला म्हणाले, "भाऊ, पुस्तकात तर सरळ लिहिलंय, सौम्य सागरी हवेत लॅव्हेंडर येतं. आमच्या गुहागरापेक्षा सौम्य सागरी हवा आणखी कुठली?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि सगळी मेख त्यातच आहे. ज्यांनी ती पुस्तके लिहिली त्यांचा समुद्र निराळा आहे. दक्षिण फ्रान्स, इटली, कॅलिफोर्निया या किनाऱ्यांवर पाऊस पडतो तो हिवाळ्यात, तोही बेताचा. उन्हाळा कोरडा ठणठणीत. लॅव्हेंडरचा सगळा संसार या कोरड्या उन्हाळ्यावर उभारलेला आहे. त्याची बारीक, करडी, लवदार पाने पाणी वाचविण्यासाठी आहेत. आपल्या कोकणात हे चक्र बरोबर उलटे फिरते. ऊन ऐन तापलेले असताना मिरग कोसळतो आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. त्या चार महिन्यांत जमीन ऊबदार आणि चिंब, हवा दमट, आणि सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. लॅव्हेंडरच्या मुळाला थंडीतला ओलावा एक वेळ सोसतो, पण उबेतला ओलावा सोसत नाही. मूळकूज लागते, पाने खालून काळी पडू लागतात, आणि झाड तहानेने वाळल्यासारखे दिसते. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो.

शिवाय हिवाळा. रत्नागिरी-मालवणला माघातही रात्रीचा पारा सहसा पंधरा अंशांखाली उतरत नाही. खऱ्या लॅव्हेंडरला तो हिवाळाच वाटत नाही. जमीनही जांभ्याची, आंबट. त्याला हवी चुनखडीची. या मानाने आमच्या निगडी-आकुर्डीची हवा पुष्कळ बरी. पाऊस कोकणाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाने, थंडीत पारा कधी दहाच्याही खाली जातो. पण इथे काळी माती आहे, आणि ती पाणी धरून ठेवते.

आता ज्यांना हौसेने लावायचे आहे त्यांच्यासाठी सविस्तर सांगतो, कारण हौस ही वाईट गोष्ट नव्हे. आठ तास यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला दारात चार सुवासिक झाडे असावीत असे वाटले, तर तो त्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी मागण्यांचे निवेदन द्यावे लागत नाही.

किनाऱ्यावर लावायचे तर तिसऱ्या घराण्यातले, कातर पानांचे किंवा कानवाले, तेच निवडावे. बियांच्या पुड्यांच्या नादी लागू नये. बी उशिरा आणि कमी-जास्त उगवते, आणि उगवलेले रोप आईसारखे निघेलच असे नाही. लागण दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी, पाऊस पुरता गेल्यावर. म्हणजे झाडाला मूळ धरायला पुढचे सात महिने कोरडे मिळतात. मिरगाला रोप लावायचे ही आपल्या हाडीमाशी खिळलेली सवय इथे उपयोगाची नाही.

कुंडी मातीचीच घ्यावी. प्लॅस्टिकच्या कुंडीचा घाम बाहेर जात नाही. तळाचे भोक बोटभर रुंद असावे. मातीत एक भाग मुरूम, एक भाग नदीची जाड वाळू किंवा बारीक खडी, आणि एक भाग साधी माती, त्यात मूठभर जुने कुजलेले शेणखत. समुद्राची वाळू मुळीच नको, तिच्यात मीठ असते. कातर पानाच्या जातीला चिमूटभर चुना मानवतो. कानवालीला चुना घालू नये, तिला किंचित आंबट जमीनच आवडते. जमिनीतच लावायचे असेल तर हात-दीड हात उंच दगडमातीची वरंबी घालून तिच्या माथ्यावर लावावे, आणि पागोळ्यांपासून दूर. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करू नये; त्याऐवजी कोरडी खडी पसरावी, म्हणजे चिखल पानांवर उडत नाही आणि बुंधा सुका राहतो.

ऊन निदान सहा तास हवे. वारा चालतो, किंबहुना हवाच. दोन झाडांमध्ये हातभराहून अधिक अंतर ठेवावे. पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर झारी खाली ठेवावी. युरिया घालू नये. युरियाने झाड हिरवेगार होते आणि फुलत नाही.

फुलोरा संपला की छाटणी. हिरव्या वाढीचा तिसरा हिस्सा कापावा, पण पाने नसलेल्या जुन्या लाकडात कात्री घालू नये. तिथून पुन्हा फूट येत नाही. आमच्याकडे आणखी एक हलकी छाटणी मेच्या मध्यावर करावी, झुडूप विरळ करण्यासाठी, म्हणजे पावसाळ्यात आतून वारा खेळतो. जून ते सप्टेंबर कुंड्या उघड्यावर ठेवायच्या नाहीत. पडवीच्या कडेला किंवा पारदर्शक पत्र्याखाली, जिथे उजेड येईल आणि पाऊस येणार नाही, अशा जागी ठेवाव्यात. माझ्या गच्चीवर पत्र्याखालच्या कुंड्यांनी तीन पावसाळे काढले आहेत. त्या चार महिन्यांत त्यांना आठवड्यातून एखादे वेळी भांडेभर पाणी पुरते. नोव्हेंबरात बोटभर लांबीची, न फुललेली काडी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि वाळूत खोचावी. महिना-दीड महिन्यात मूळ फुटते. एका कुंडीतून शेजारच्या चार घरांची सोय होते.

हे झाले कुंडीचे. आता शेताचे, म्हणजे फंडाचे.

पत्रकांत जी चित्रे असतात त्यांत पुष्कळदा जम्मूकडील भद्रवाहचा दाखला दिलेला असतो. तो दाखला खरा आहे, आणि तो नीट वाचला पाहिजे. दोडा जिल्ह्यातले भद्रवाह पाच हजार फुटांवर आहे; तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. मक्यावर जगणाऱ्या लहान शेतकऱ्यांनी तिथे लॅव्हेंडर लावले आणि त्यांचे बरे झाले, इतके, की २०२२ साली तिथे लॅव्हेंडरचा उत्सवही भरला. पण हे घडले कसे? वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मू येथील संस्थेने त्या हवेला जुळणारी जात तयार केली. 'अरोमा मिशन' या सरकारी योजनेतून पहिल्या शेतकऱ्यांना रोपे फुकट दिली, नंतरच्यांना नाममात्र किमतीला. आणि तेल काढण्याच्या भट्ट्या गावांजवळ उभारून दिल्या. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक संस्थेने, आधी हवा तपासून केलेले ते काम आहे. पत्रकवाला भद्रवाहचे चित्र दाखवितो आणि बर्फ, संस्था व भट्टी या तिन्ही गोष्टी चित्राच्या चौकटीबाहेर ठेवतो.

हिशेब साधा आहे. दोन ओळींत तीन फूट आणि दोन झाडांत दोन फूट धरले तर एकरात सुमारे सव्वासात हजार रोपे बसतात. पत्रकात रोपाची जी किंमत लिहिली असेल तिला सव्वासात हजारांनी गुणा. तुमचा फंड कुठे जातो ते पुढच्या कागदावर पोचण्याआधीच कळेल. रोपे विकणाऱ्याचा नफा त्याच दिवशी पुरा होतो. पुढे पावसाळ्यात काय होते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तेल काढायचे तर शंभर किलो ताज्या फुलोऱ्यामागे किलोभराच्या आतबाहेर तेल निघते. फुलोरा कापायचा विळ्याने, दव उडाल्यावर, आणि शक्य तो त्याच दिवशी भट्टीत घालायचा. म्हणजे आठ-पंधरा दिवस भरपूर माणसे लागतात आणि बाकी वर्षभर जवळजवळ नाहीत. ही माणसे कोण, त्यांना रोज काय, ती दूरवरून आली तर राहणार कुठे, हे कोणत्याही पत्रकात मी वाचलेले नाही. एकरभराच्या शेतकऱ्याला स्वतःची भट्टी परवडत नाही. भट्टी ज्याच्या मालकीची, त्याच्या हातात भाव.

आणि ही युक्ती नवी नाही. १९९० नंतरच्या दशकात सागवानाचे मळे लावून देणाऱ्या कंपन्यांनी लोकांच्या ठेवी गोळा केल्या. अखेर १९९९ साली सेबीला अशा सामुदायिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. पुढे इमू पक्षी आले. २०१९ साली आपल्या सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण गाजले. प्राणी बदलला, झाड बदलले. 'माल आम्हीच परत घेऊ' हे वाक्य मात्र तेच राहिले. ते वाक्य लिहिणाऱ्याकडे माल खपविण्याची जागा आहे का, एवढेच विचारावे. लॅव्हेंडरच्या बाबतीत विचारावे, की तुमची भट्टी कुठे आहे, आणि गेल्या वर्षी तुम्ही तेल कोणाला विकले त्याची पावती दाखवा.

मग कोकणात सुवासाची शेती नाहीच का? आहे की. वेंगुर्ल्याकडे, आसोलीच्या बाजूला, सुरंगीची झाडे आहेत. फाल्गुन-चैत्रात तिचे खोड आणि फांद्या कळ्यांनी लगडतात. कळी उमलण्याआधी, पहाटे झाडावर चढून ती काढावी लागते; काही कळ्यांचे वळेसर होतात, बाकीच्या उन्हात वाळवून व्यापाऱ्याला विकतात. त्या अत्तराच्या आणि रंगाच्या धंद्यात जातात. सुरंगीला मिरगाची भीती नाही. तो तिच्या जन्माचा सोबती आहे. झाड फुलायला वर्षे लागतात हे खरे. पण ज्यांच्या वाडीत आजोबांनी लावलेले झाड उभे आहे, त्यांनी ते तोडून तिथे फ्रान्सचे झुडूप लावावे याला काय म्हणावे? तिथली अडचण हवेची नाही, भावाची आहे. प्रत्येक घर आपले दोन-चार किलो घेऊन एकेकटे व्यापाऱ्यापुढे उभे राहते. वाळवण एकत्र झाली, वजन एकत्र झाले, तर बोलणे निराळे होईल. एकेकट्याने मालकाच्या केबिनमध्ये जाऊन पगारवाढ मागण्याचा अनुभव इथे बसलेल्या पुष्कळांना आहे, म्हणून हे मी फोडून सांगत नाही.

आणि घाटावरच्या, खेड-पुरंदरकडच्या मंडळींसाठी दवणा आहेच. चैत्रात जोतिबाला वाहतो तोच. करडी कातर पाने, गोडसर उग्र वास; वासाच्या झाडांत लॅव्हेंडरला शोभेल असा हा आपला शेजारी. कार्तिकात पेरायचा, ताजे बी घेऊन, कारण जुने बी उगवत नाही. ओल्या फडक्यात दोन दिवस मोड आणून वाफ्यात टाकायचे, महिन्याभराने रोपे लावायची. चार महिन्यांच्या आत, पाऊस येण्याच्या कितीतरी आधी, पीक हाती येते. त्याचे तेल परदेशी खाद्यपदार्थांच्या आणि अत्तरांच्या कारखान्यांत जाते. दक्षिणेकडे, कर्नाटक-आंध्रात, हे पीक तेलासाठी घेतात. आपल्याकडे ते बहुतेक देवळाच्या दारात जुडीने खपते. इथेही प्रश्न भट्टीचाच आहे. पण चार महिन्यांच्या पिकात माणूस फसला तर चार महिन्यांचाच फसतो.

वेळ झाल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पाठविली आहे. ज्यांच्याकडे अशी पत्रके किंवा करारनामे आले असतील त्यांनी ते, जमिनीच्या सातबाऱ्यासह, सही न करता आमच्या कचेरीत घेऊन यावेत. संध्याकाळी सहानंतर मी तिथे असतो. दिवाळीनंतर आलात तर एखादे मूळ फुटलेले कलमही घेऊन जा. कुंडी मात्र घरून आणा.